तुरीचं एक झाड वाळतं, शेजारचं का वाळत नाही?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

परतूर तालुक्यातलं वाटूर हे जालना-मंठा रस्त्यावरचं गाव. पावसाळा सरून थंडी पडू लागली की या भागात रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर फुलाशेंगांवर आलेली दिसते. जरा थांबून पाहिलं तर त्या हिरव्यागार रानात मधूनच एखादं झाड उभ्याउभ्या वाळलेलं असतं. जमिनीत ओल असते. शेजारच्या झाडाला तीच माती, तेच पाणी, तेच खत. तरी एक झाड माना टाकतं आणि हातभर अंतरावरचं दुसरं शेंगांनी लगडलेलं असतं. आमच्याकडचा शेतकरी म्हणतो, 'तूर उबळली.' कृषी खात्याच्या पुस्तिकेत त्याला 'मर रोग' म्हणतात.

वाळलेलं झाड का वाळलं, हा प्रश्न माणूस शेती करायला लागल्यापासून विचारत आला आहे. वाचलेलं झाड का वाचलं, हा प्रश्न मात्र त्यानं फार उशिरा विचारला. जेमतेम सव्वाशे वर्षं झाली असतील. आज त्या दुसऱ्या प्रश्नाची हकिकत सांगायची आहे. ती जगभरातून फिरते, पण तिचं एक महत्त्वाचं ठाणं आपल्या जालना जिल्ह्यातच आहे.

पूर्वी पिकावरचा रोग ही वरून आलेली आपत्ती समजली जाई. गव्हावर तांबेरा पडला, ज्वारीवर काणी आली, तर तो देवाचा कोप, हवेचा दोष किंवा कुणाची तरी नजर. युरोपातही याहून वेगळं नव्हतं. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक करप्यानं सडलं. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि साथींनी मेली, तितकीच देश सोडून गेली. तेव्हाही पुष्कळ शहाणी माणसं धुक्याला आणि ओलसर हवेला दोष देत होती. सडलेल्या पानावर बुरशी दिसत होती, पण सडल्यामुळे बुरशी आली अशीच समजूत होती. बुरशी आधी येते आणि तिच्यामुळे झाड सडतं, हे १८६१ साली जर्मन शास्त्रज्ञ अँटोन द बारी यांनी प्रयोगानं दाखवून दिलं. त्या बुरशीला पुढे 'फायटोफ्थोरा' म्हणजे वनस्पतींचा नाश करणारी असं नाव त्यांनीच दिलं. आपल्या मोसंबीवर येणारा डिंक्या याच कुळातल्या बुरशीमुळे होतो.

शत्रू कोण ते कळल्यावर साहजिकच शत्रूला मारायचं औषध शोधणं सुरू झालं. फ्रान्समधल्या बोर्दो गावच्या परिसरात द्राक्षबागांचे मालक रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडत. हेतू एवढाच की वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत. १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की केवड्याच्या साथीत रस्त्याकडेच्या त्या वेलींचीच पानं शाबूत राहिली आहेत. १८८५ मध्ये त्यांनी आपलं मिश्रण जाहीर केलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी घेऊन केलेली बोर्डो पेस्ट आजही मोसंबीच्या बुंध्याला लावली जाते.

औषधाच्या या यशानं एक गोष्ट झाकली गेली. झाड म्हणजे एका जागी खिळलेला, मुका, दुबळा जीव. माणसानं औषध दिलं तर जगेल, नाहीतर मरेल, असं आपण धरून चाललो. पण झाडं कोट्यवधी वर्षं बुरशीच्या सोबतीनं जगत आली आहेत. जमिनीत, हवेत, पाण्यात बुरशीचे बीजाणू सदैव असतात. त्यांपैकी बहुतेक बुरशी बहुतेक झाडांचं काहीही वाकडं करू शकत नाहीत. रोग होणं हा अपवाद आहे, न होणं हा नियम आहे. मग हा नियम कोण पाळतं? झाडच.

हे ओळखून कामाला लागलेल्यांत अमेरिकेतले विल्यम ऑर्टन पहिल्या फळीतले. दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या बेटांत कापसाला मर लागली होती. १८९९च्या सुमारास ऑर्टन यांनी तिथल्या शेतकऱ्यांच्या मदतीनं एक साधी गोष्ट केली. मेलेल्या झाडांच्या गर्दीत जी झाडं तगली होती, त्यांचंच बी राखलं आणि ते पुन्हा त्याच रोगट जमिनीत पेरलं. पुन्हा जी तगली, त्यांचं बी राखलं. काही हंगामांत मर सोसणारा कापूस हाती आला. १९०५ मध्ये इंग्लंडात केंब्रिजला रोलंड बिफेन यांनी गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्यावर काम करून दाखवलं की रोगाला दाद न देण्याचा गुण आईबापांकडून पिल्लांकडे यावा तसा पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक हिशेबानं उतरतो. म्हणजे प्रतिकार हा नशिबाचा भाग नव्हता. तो बियाण्यातच होता.

त्याच सुमारास आपल्या देशात एडविन बटलर नावाचे आयरिश गृहस्थ आले. शिक्षणानं ते डॉक्टर, पण ओढा बुरशीशास्त्राकडे. १९०१ साली ते हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत रुजू झाले आणि पुढे बिहारमधल्या पुसा इथल्या संशोधन संस्थेत बसून त्यांनी देशभरच्या पिकांचे रोग तपासले. तुरीच्या मर रोगाचं पहिलं शास्त्रशुद्ध वर्णन त्यांनी १९०६ मध्ये केलं आणि १९१० मध्ये त्या बुरशीला 'फ्युजेरियम उडम' हे नाव दिलं. ज्यांच्या मायदेशानं बटाट्याच्या रोगात निम्मं गाव रिकामं होताना पाहिलं होतं, त्यांनी आपल्या डाळीच्या रोगाचा माग काढावा, हा योगायोग विसरण्यासारखा नाही.

बटलर यांच्या त्या कामामुळे वाळलेल्या तुरीचं कोडं उलगडलं. ही बुरशी जमिनीत, जुन्या तुरीच्या मुळखंडांत आणि बुडख्यांत राहते आणि पीक नसतानाही दोन-तीन वर्षं सहज तग धरते. बारीक मुळांतून ती आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत पसरते. मेलेल्या तुरीचं खोड उभं चिरून पाहा. साल हिरवी असली तरी आत काळपट तपकिरी रेघा दिसतात. नळ्या तुंबलेल्या असतात. जमिनीत ओल असूनही झाड तहानेनं मरतं, ते यामुळे. यात आणखी एक गंमत आहे, आणि ती जरा कडूच आहे. त्या नळ्या काही अंशी झाडानंच तुंबवलेल्या असतात. बुरशी वर चढू नये म्हणून झाड नळीत डिंकासारखा चिकट पदार्थ भरतं. हे वेळेवर झालं तर बुरशी खालीच कोंडली जाते. उशीर झाला, बुरशी पुढे निघून गेली, की तोच बंदोबस्त झाडाच्या गळ्याशी येतो.

म्हणजे वाचणं आणि मरणं यांत अंतर असतं ते वेळेचं. हे सूत्र लक्षात ठेवू. पुढे ते पुन्हा येईल.

आधी साध्या जखमेचं पाहू. झाडाला कुऱ्हाड लागली, फांदी मोडली, गुरानं ओरबाडलं, अळीनं पान कुरतडलं, की ते काय करतं? माणसाची जखम भरून येते, तशी झाडाची येत नाही. अॅलेक्स शायगो हे अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक. त्यांनी हजारो झाडांचे बुंधे उभे कापून पाहिले आणि १९७७ मध्ये आपला निष्कर्ष मांडला. झाड जखम दुरुस्त करत नाही, ती कोंडून टाकतं. जखमेच्या वर, खाली, आत आणि बाजूला ते भिंती उभ्या करतं आणि कुजलेला भाग आतच ठेवून बाहेरून नवं लाकूड चढवतं. जुन्या लिंबाच्या बुंध्यात पन्नास वर्षांपूर्वीची जखम तशीच सापडते, फक्त बंदिस्त. म्हणून रस्त्याकडेच्या झाडांना जाहिरातींच्या पाट्या खिळ्यांनी ठोकणं हे वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. प्रत्येक खिळ्यामागे झाडाला एक नवी कोठडी बांधावी लागते.

या बंदोबस्ताचा एक भाग आपण चवीनं खातो. बाभळीचा, धावड्याचा डिंक म्हणजे झाडाच्या जखमेवर धरलेली खपलीच. हिवाळ्यात घरोघरी, आणि बाळंतिणीला तर हटकून, आपण डिंकाचे लाडू करतो. मोसंबीच्या बुंध्यातून डिंक पाझरू लागला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. तो डिंक हा रोगाचा उपद्रव आहे असं वाटतं. खरं तर रोग बुरशीचा असतो आणि डिंक झाडाचा. ते आपल्यापरीनं भगदाड बुजवत असतं. मोसंबीच्या जातीच्या झाडांमध्ये डिंक्या बुरशीमुळे होतो, हे १९१३ साली कॅलिफोर्नियात हॉवर्ड फॉसेट यांनी दाखवलं. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती मोसंबी उभी असते ती दुसऱ्याच्या पायावर. रंगपूर लिंबाच्या किंवा जंबेरीच्या खुंटावर तिचा डोळा भरतात. रंगपूर लिंबाचा खुंट डिंक्याला त्यातल्या त्यात जास्त दाद देत नाही, म्हणून त्याची शिफारस होते. डोळा जमिनीपासून वीतभर उंच भरायचा तो याचसाठी, की मोसंबीची नाजूक साल ओल्या मातीला लागू नये.

झाडाच्या हत्यारांचा दुसरा साठा पाहायला शेतात जाण्याचीही गरज नाही. स्वयंपाकघरात जावं. लसणाची अखंड पाकळी हुंगून पाहा, वास जवळजवळ येत नाही. ती ठेचली की घर दरवळतं. लसणात एक निरुपद्रवी द्रव्य आणि त्याला तोडणारा एक पाचक रस वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. ठेचल्यावर कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि क्षणात तिखट, जंतुनाशक द्रव्य तयार होतं. १९४४ मध्ये अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ते वेगळं काढलं. मोहरी फेसल्यावर नाकात झिणझिण्या येतात, तोही असाच प्रकार. आपल्याला जो मसाला वाटतो, तो लसणाच्या आणि मोहरीच्या दृष्टीनं कुरतडणाऱ्याला आणि कुजवणाऱ्याला दिलेला फटका असतो.

ज्वारीचं हेच हत्यार तर जीवघेणं आहे. कोवळी ज्वारी, कापणीनंतर फुटलेले पोंगे किंवा पाण्याअभावी सुकत असलेलं पीक जनावरानं खाल्लं तर त्याला किराळ लागते आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जनावर दगावतं. १९०२ साली डन्स्टन आणि हेन्री या दोघा इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी इजिप्तमधल्या ज्वारीतून याचं मूळ द्रव्य शोधलं. अरबीत या धान्याला जे नाव आहे, 'धुरा', त्यावरून त्यांनी त्याला 'धुरिन' म्हटलं. पान चावलं गेलं की धुरिनमधून सायनाइडचं विष सुटतं. पान शाबूत असताना ज्वारी स्वतः त्या विषापासून सुरक्षित राहते, कारण इथेही कप्पे वेगळे आहेत. दारूगोळा एका खोलीत आणि काडेपेटी दुसऱ्या खोलीत, असा हा हिशेब.

हे झालं आधीच तयार असलेल्या हत्यारांबद्दल. पण शत्रू आल्यावर नवं हत्यार घडवण्याची कला झाडाकडे आहे का? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याचं उत्तर मिळालं. केंब्रिजच्या डोरोथिया मॅरियट यांनी १९०७ मध्ये गव्हाच्या पानावर एक विचित्र गोष्ट पाहिली होती. जो गहू तांबेऱ्याला बळी पडत नाही, त्याच्या पानावर बुरशी शिरल्याबरोबर तिथल्या चार पेशी झटक्यात मरतात. १९१५ साली मिनेसोटाच्या स्टॅकमन यांनी यालाच अतिसंवेदनशीलता म्हटलं. आग लागलेल्या घराशेजारचं छप्पर गावकरी स्वतःच पाडतात, म्हणजे आग पुढे सरकत नाही. ज्या बुरशीला जिवंत पेशीच लागते, तिला मेलेल्या पेशींच्या त्या ठिपक्यात उपाशी राहावं लागतं.

मग १९४० मध्ये म्युलर आणि ब्योर्गर या जर्मन शास्त्रज्ञांनी बटाट्यावर एक साधा, पण डोळे उघडणारा प्रयोग केला. कापलेल्या बटाट्यावर त्यांनी आधी अशी करप्याची बुरशी लावली जिला तो बटाटा दाद देत नव्हता. थोड्या वेळानं त्याच जागी एरवी त्याला सडवून टाकणारी बुरशी लावली. दुसरीची डाळ शिजली नाही. जिथे पहिली बुरशी लागली होती, तेवढ्याच जागेत बटाट्यानं काहीतरी तयार केलं होतं. या 'काहीतरी'ला त्यांनी 'फायटोअलेक्सिन' म्हटलं, म्हणजे वनस्पतीचं संरक्षण करणारं द्रव्य. सुरुवातीला ते कुणी हाती धरलेलं नव्हतं, नुसतं अनुमान होतं. पण १९४३ मध्ये जपानात हिउरा यांनी बुरशी लागलेल्या रताळ्यातून एक कडू द्रव्य वेगळं काढलं. उपवासाला रताळं शिजवताना काळी पडलेली बाजू कडू लागते ती याच जातीच्या द्रव्यांमुळे. तेवढा भाग घसघशीत कापून टाकावा, आणि असं रताळं गुरांनाही घालू नये. झाडाचं औषध खाणाऱ्याला विष ठरू शकतं.

ज्वारीच्या पानावर जिथे इजा होते किंवा बुरशी लागते, तिथे तांबडे-जांभळे डाग उमटतात. आपण त्याला रोगाचा डाग म्हणतो. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या राल्फ निकल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा वेगळंच दिसलं. बुरशी पेशीवर चाल करून येते तेव्हा पेशीच्या आत केशरी-तांबड्या बारीक पिशव्या तयार होतात, हल्ल्याच्या जागेकडे सरकतात आणि तिथे फुटतात. आतलं रंगद्रव्य बुरशीला मारतं, आणि त्या भरात पेशीही मरते. तो रंग रोगाचा नव्हे, ज्वारीच्या लढ्याचा असतो.

आणि आपली तूर? तुरीतही अशी द्रव्यं तयार होतात हे १९७६ साली इंगम यांनी दाखवलं होतं. त्यांतलं एक प्रमुख द्रव्य म्हणजे 'कजानॉल'. तुरीच्या शास्त्रीय नावावरूनच ते पडलं. १९९३ मध्ये मार्ले आणि हिलॉक्स यांनी मर रोगाला दाद न देणारी आणि बळी पडणारी अशा दोन्ही तुरी घेऊन तुलना केली. बुरशी शिरल्यावर कजानॉल दोन्हींत तयार होतं. पण तगणाऱ्या तुरीत ते लवकर आणि भरपूर साठतं, मरणाऱ्या तुरीत उशिरा. इथे ते वेळेचं सूत्र पुन्हा भेटतं. हत्यार दोघांकडेही असतं. फरक पडतो तो शत्रूची चाहूल किती लवकर लागते यानं.

ही चाहूल अंगभर कशी पोचते, हे उकलायला टोमॅटोचं झाड कामी आलं. १९७२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठात ग्रीन आणि क्लॅरेन्स रायन यांनी पाहिलं की अळीनं एक पान खाल्लं की काही तासांत झाडाची न खाल्लेली पानंही अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार करू लागतात. म्हणजे जखमेची बातमी झाडभर जाते. १९९१ मध्ये ही बातमी पोचवणारा एक द्रव्यकण रायन यांच्या प्रयोगशाळेला सापडला. त्याच्या आदल्याच वर्षी फार्मर आणि रायन यांनी आणखी एक निरोप्या ओळखला होता, तो हवेतूनही जातो. जखमी झाडाचा वास शेजारच्या झाडाला लागला तरी ते सावध होतं. हे द्रव्य १९६२ मध्ये जाईच्या कुळातल्या फुलांच्या तेलातून प्रथम वेगळं काढलेलं होतं, आणि त्यावरूनच त्याचं नाव पडलं आहे. मराठीत, उर्दूत आणि फारसीत आम्ही कवींनी जाईच्या वासाला प्रीतीचा निरोप म्हणून किती राबवलं आहे! त्या वासातला एक घटक झाडांच्या जगात 'सावध राहा' असा निरोप देतो, हे कळल्यापासून मला तो वास कमी नाही, जास्तच आवडू लागला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. झाडाकडे एवढी हत्यारं असतील तर आपली पिकं वरचेवर आजारी का पडतात? याचं एक उत्तर आपल्या ताटात आहे. हत्यारं फुकट मिळत नाहीत. कडू, तुरट, विषारी द्रव्यं तयार करायला झाडाला अन्न खर्चावं लागतं, आणि खाणाऱ्याला ती आवडत नाहीत. हजारो वर्षं आपण गोड, मऊ, पांढरं, टपोरं निवडत आलो. त्या निवडीबरोबर झाडाच्या अंगची पुष्कळशी शस्त्रं आपणच काढून घेतली.

मराठवाड्याला याचा अनुभव ज्वारीनं दिला. जुनी गावरान खरीप ज्वारी उंच वाढायची, पाच महिने घ्यायची आणि पाऊस सरल्यावर फुलायची. दाणा भरताना हवा कोरडी असायची. तिनं बुरशीला टाळायचं कसं हे वेळेच्या हिशेबात बसवलं होतं. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. त्यानं उत्पन्न वाढवलं, आणि १९७२च्या दुष्काळानंतरच्या काळात या संकरित ज्वारीनं अनेक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण हे वाण लवकर पक्व होत, कणीस पावसात सापडे आणि दाणा काळा पडे. तांबड्या दाण्याच्या अनेक ज्वारींमध्ये तुरट द्रव्यं असतात, त्यांवर बुरशी सहजी चढत नाही. पण तांबडी भाकरी कुणाला हवी होती? पांढऱ्या भाकरीच्या आवडीपायी आपण जे गमावलं, त्याची किंमत बाजारात काळ्या ज्वारीच्या पडत्या भावानं मोजली. पुढे खरीप ज्वारीच हटत गेली आणि तिच्या जागी सोयाबीन आलं.

त्या ज्वारीबरोबर आणखी एक गोष्ट गेली. पूर्वी तिफणीमागे मोघण लावून ज्वारीत तुरीची तासं पेरायची पद्धत होती. दोन्ही पिकं एकदम जात नाहीत, एवढाच त्यामागचा विचार असावा असं वाटे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथे १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात मोजमाप केलं तेव्हा दिसलं की नुसत्या तुरीपेक्षा ज्वारीतल्या तुरीला मर बरीच कमी लागते, आणि ज्वारीच्या बेवडावर घेतलेल्या तुरीलाही कमी लागते. आपल्या आजोबा-पणजोबांना बुरशीचं नाव ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या तिफणीला काहीतरी ठाऊक होतं.

झाडाचा प्रतिकार परत मिळवण्याचं काम अशाच जागी झालं, जिथे कुणी चांगलं शेत म्हणणार नाही. मर रोगावरच्या संशोधनासाठी मुद्दाम रोगट वाफे राखावे लागतात. मेलेल्या तुरीची खोडं त्यातच गाडायची, वर्षानुवर्षं तूरच घ्यायची, म्हणजे जमीन बुरशीनं भरून जाते. अशा जमिनीत शेकडो वाण पेरायचे. बहुतेक मरतात. जे उभे राहतात, त्यांच्याकडे पाहायचं. शंभर वर्षांपूर्वी ऑर्टन यांनी कापसात केलं, तेच हे. इक्रिसॅटमध्ये महाराष्ट्रातल्या एका स्थानिक तुरीतून निवडलेला वाण १९८६ मध्ये कर्नाटकात 'मारुती' या नावानं प्रसारित झाला आणि मर रोगानं जेरीस आलेल्या गुलबर्गा भागात झपाट्यानं पसरला. आपल्या जिल्ह्यात बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र हे याच कामाचं ठाणं. ते परभणीच्या कृषी विद्यापीठाचं केंद्र. १९७२ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. बीडीएन-२, बीडीएन-७०८, बीडीएन-७११, बीडीएन-७१६, गोदावरी ही तुरीच्या वाणांची नावं शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. 'बीडीएन' ही अक्षरं बदनापूरची आहेत, हे मात्र शहरात वरण-भात जेवणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

इथे समाधान मानून थांबता येत नाही, याला दोन कारणं आहेत. पहिलं, बुरशीही बदलते. अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटात हॅरॉल्ड फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर १९४०च्या दशकात केलेल्या कामातून कळलं की झाडाच्या एकेका कुलपाला बुरशीकडे एकेक किल्ली असू शकते. तुरीच्या मर रोगाच्या बुरशीचेही आपल्या देशात अनेक प्रकार आहेत. एका भागात टिकणारा वाण दुसऱ्या भागात टिकेलच असं नाही. दुसरं कारण तुरीच्या स्वभावात आहे. मधमाश्या एका झाडाचे परागकण दुसऱ्यावर नेतात, त्यामुळे तुरीचं बी वर्षानुवर्षं घरचंच वापरलं तर वाणाचा शुद्धपणा उतरत जातो आणि त्याबरोबर प्रतिकारही. एकाच शेतात एक झाड वाळतं आणि शेजारचं तगतं, याचं एक कारण हेच. दिसायला सारखी असली तरी ती झाडं आतून सारखी नसतात. म्हणून दर काही वर्षांनी खात्रीचं नवं बियाणं घ्यावं, बीजप्रक्रिया करावी आणि वर्षामागून वर्ष त्याच रानात तूर घेऊ नये, हा कृषी विद्यापीठाचा सल्ला रुक्ष वाटला तरी त्यामागे हा सगळा इतिहास उभा आहे.

जालना हे बियाण्यांचं गाव म्हणून देशभर ओळखलं जातं. बियाण्याच्या पिशवीवर उत्पन्नाचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. रोगाला दाद न देण्याचा गुण बारीक अक्षरांत असतो, किंवा नसतोच. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीनं तो गुण म्हणजे न फवारलेलं औषध, न काढलेलं कर्ज आणि घरात आलेली डाळ. तो गुण प्रयोगशाळेत शून्यातून तयार होत नाही. तो आधी कुठेतरी, कुणाच्या तरी बांधावरच्या गावरान झाडात असावा लागतो, तेव्हाच निवडता येतो. जी गावरान तूर, जी तांबडी ज्वारी, जो कडवट वाल आपण आज निरुपयोगी म्हणून सोडून देतो, त्यात उद्याच्या एखाद्या रोगाचं उत्तर असू शकतं. ती जात एकदा पेरायची थांबली की ते उत्तरही हरवतं.

यंदा तुरीत वाळलेलं झाड दिसलं तर ते उपटून, खोड चिरून त्या काळ्या रेघा जरूर पाहाव्यात, आणि ते झाड शेताबाहेर नेऊन जाळावं. मग वळून जी झाडं उभी आहेत त्यांच्याकडेही पाहावं. त्यांच्या मुळांशी तीच बुरशी आहे. जमिनीखाली, आवाज न करता, त्यांनी तिला वेळेवर ओळखलं आहे आणि वेळेवर अडवलं आहे. त्यांच्या शेंगांतली डाळ आपल्या ताटात येते.